इंग्रजी शिव्या: कुठून आल्या आणि कुणाला किती लागतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगून ठेवतो: या पानावर शिव्या जशाच्या तशा लिहिल्या आहेत. फुल्या मारून शब्दाचा इतिहास सांगता येत नाही. अपवाद फक्त वंश आणि रंगावरून दिल्या जाणाऱ्या शिव्यांचा. त्या का लिहिल्या नाहीत, हे त्यांच्या प्रश्नात येईल.

इंग्रजी शिव्या आपल्या शिव्यांपेक्षा मवाळ असतात का?

आपल्याला तशा वाटतात, एवढंच. मराठी शिवी बहुधा आई-बहिणीवरून किंवा कुळावरून जाते. इंग्रजी शिवी बऱ्याचदा समोरच्या माणसापाशीच थांबते: त्याचे अवयव, त्याची घाण, त्याची अक्कल. 'अ‍ॅसहोल'चं शब्दशः मराठी करून पाहा, राग यायच्या ऐवजी हसू येईल. पण शिवीचं वजन शब्दार्थावर कुठे ठरतं? ती लहानपणी कुणाच्या तोंडून ऐकली आणि आपण उच्चारल्यावर कानाखाली बसली की नाही, यावर ते ठरतं. इंग्रजी आपण पुस्तकांतून, सिनेमांतून आणि आता मोबाइलवरून शिकलो. त्या शब्दांना फटक्याची आठवण चिकटलेली नाही. म्हणून लोकल चुकली की मुलगी आजीसमोर बिनदिक्कत 'शिट' म्हणते. त्याचा मराठी प्रतिशब्द ती आजीसमोर तोंडातून काढणार नाही.

पुढच्या बहुतेक उत्तरांत हीच गोष्ट वेगवेगळ्या वेषात भेटेल.

'फक' हे 'राजाच्या परवानगीने संभोग' याचं लघुरूप आहे ना?

नाही. 'फोर्निकेशन अंडर कन्सेंट ऑफ द किंग' अशी पाटी दारावर लावावी लागे, ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून नव्याने उगवते. आद्याक्षरं जोडून शब्द घडवायची पद्धत विसाव्या शतकाआधी इंग्रजीत जवळपास नव्हतीच. एखाद्या जुन्या शब्दाची उत्पत्ती कुणी आद्याक्षरांतून सांगू लागला, की ती थाप समजायला हरकत नाही.

शब्द जर्मानिक कुळातला आहे. डच आणि स्कँडिनेव्हियन बोलींमध्ये त्याचे भाऊबंद सापडतात आणि त्यांचे अर्थ मारणे, ढकलणे, मागेपुढे हलणे, जनावरांची पैदास करणे असे आहेत. हवेत पंख मारत एकाच जागी तरंगणाऱ्या एका छोट्या ससाण्याला इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'विंडफकर' म्हणत, म्हणजे वाऱ्याला झोडपणारा. पक्षिनिरीक्षणाच्या आजच्या पुस्तकात हे नाव शोधू नका.

लेखी पुरावे तुटक आहेत, कारण लिहिणारे बहुतेक पाद्री आणि कारकून. चेस्टर इथल्या १३१० सालच्या न्यायालयीन कागदपत्रांत रॉजर नावाच्या एका आरोपीचं आडनाव 'फकबायदनेव्हल' अशा अर्थाचं लिहिलेलं आहे. म्हणजे बेंबीपाशी प्रयत्न करणारा. पॉल बूथ या इतिहासकाराला ही नोंद सापडली आणि २०१५ मध्ये तिची बातमी झाली. गावाने ठेवलेलं टोपणनाव सरकारी दप्तरात कसं जातं, हे आपल्याकडच्या आडनावांची यादी पाहिलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. पंधराव्या शतकातल्या एका लॅटिन-इंग्रजी मिश्र कवितेत साधूंची टर उडवताना हा शब्द येतो, पण सांकेतिक लिपीत: प्रत्येक अक्षराच्या जागी वर्णमालेतलं पुढचं अक्षर. आणि १५२८ साली सिसेरोच्या ग्रंथाची हस्तलिखित प्रत वाचणाऱ्या कुणीतरी समासात आपल्या मठाधिपतीबद्दल 'फकिन अ‍ॅबट' असं खरडून ठेवलं. मठाधिपती ब्रह्मचर्य मोडत होता म्हणून, की नुसताच डोक्यात जात होता म्हणून, हे त्या एका ओळीवरून ठरवता येत नाही.

मग हा शब्द शब्दकोशात का नसायचा?

पूर्वी असायचा. जॉन फ्लोरिओच्या १५९८ च्या इटालियन-इंग्रजी कोशात तो सरळ दिलेला आहे. अठराव्या शतकात नेथन बेलीनेही घेतला, फक्त अर्थ लॅटिनमध्ये दिला, म्हणजे ज्याला कळायला हवा त्यालाच कळेल. पण सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या कोशातून तो वगळला आणि त्यानंतर शिष्ट कोशांतून तो हद्दपारच झाला. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशात तो १९७२ मध्ये, पुरवणीच्या पहिल्या खंडात आला.

मधल्या काळात एक खटला झाला. 'लेडी चॅटर्लीज लव्हर' ही लॉरेन्सची कादंबरी या शब्दांसकट छापली म्हणून पेंग्विनवर लंडनमध्ये खटला भरला गेला आणि १९६० साली ज्युरीने प्रकाशकाला निर्दोष सोडलं. इंग्रजी छपाईतलं सोवळं तिथून सुटायला लागलं. गंमत म्हणजे तेच पुस्तक विकल्याबद्दल मुंबईतल्या एका पुस्तकाच्या दुकानाचे भागीदार दोषी ठरले. रणजित उदेशी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६४ मध्ये शिक्षा कायम झाली. दंड होता वीस रुपये. रक्कम किरकोळ असली तरी अश्लीलतेची त्यात वापरलेली, व्हिक्टोरियन इंग्लंडमधून आलेली कसोटी आपल्या न्यायालयांनी पुढे कित्येक दशकं चालवली. इंग्लंडने ती केव्हाच मोडीत काढली होती.

'शिट' म्हणजे 'शिप हाय इन ट्रान्झिट'?

पुन्हा आद्याक्षरं, पुन्हा थाप. शब्द जुन्या इंग्रजीतला अस्सल आहे. त्याचं मूळ इंडो-युरोपीय धातूत आहे आणि त्या धातूचा अर्थ कापणे, वेगळं करणे. शरीरातून वेगळं होतं ते. याच धातूपासून संस्कृत 'छिद्' आला, म्हणजे आपले छेद आणि छिद्र हे त्याचे दूरचे चुलत भाऊ. लॅटिनमार्गे 'सायन्स'ही त्याच घराण्यातला.

वापरताना एक खाचखळगा: अमेरिकेत 'ही इज शिट' म्हणजे तो टाकाऊ आहे आणि 'ही इज द शिट' म्हणजे तो जबरदस्त आहे. शाळेत 'द' कुठे लावायचा यावर एवढे गुण का कापत होते, ते इथे कळतं.

'क्रॅप' हा शब्द संडास बनवणाऱ्या क्रॅपरवरून आला का?

थॉमस क्रॅपर हा खरा माणूस होता (१८३६ ते १९१०), लंडनमध्ये त्याचा संडासाच्या टाक्यांचा धंदा होता. पण फ्लश त्याने शोधलेला नाही आणि शब्द त्याच्याही आधीचा आहे. मध्ययुगीन इंग्रजीत तो कोंडा, गाळसाळ या अर्थाने होता. आडनावाचा योगायोग.

जुने इंग्रज कोणत्या शिव्या द्यायचे?

देवाच्या. मध्ययुगात शरीराच्या अवयवांची नावं फारशी खुपत नसत, पण देवाच्या जखमांची किंवा हाडांची शपथ घेणं भयंकर समजलं जाई. 'गॉड्स वूंड्स'चं 'झाउंड्स' झालं, 'गॉड ब्लाइंड मी'चं 'ब्लायमी', 'गॉड'चं 'गॉश', 'हेल'चं 'हेक', 'डॅम'चं 'डार्न'. शिवी तोंडात आली पण दातांनी अडवली, असा हा प्रकार. आपण 'तुझ्या आयला'चं 'च्यायला' केलं, ते याच युक्तीने. आज 'च्यायला' म्हणणाऱ्याच्या मनात जशी कुणाची आई नसते, तसाच 'ब्लायमी' म्हणणाऱ्याच्या मनात देव नसतो.

१६०६ साली इंग्लंडमध्ये रंगमंचावर देवाचं नाव टवाळीने घेतल्यास दहा पौंड दंडाचा कायदा झाला. नाटकमंडळींना हा भुर्दंड परवडणारा नव्हता, त्यामुळे संहिता धुवून काढल्या गेल्या. पुढे धर्माचा धाक ओसरला, तशी लाज शरीराकडे सरकली. व्हिक्टोरियन काळात अवयव आणि संभोग हे न बोलण्याचे विषय झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेही बोथट झाले आणि आता सगळ्यांत जड शिव्या वंश, रंग, लैंगिकता, अपंगत्व यांवरून दिलेल्या. एखादा समाज कशाला घाबरतो, ते त्याच्या शिव्यांवरून बऱ्यापैकी ओळखता येतं.

'ब्लडी' ही खरंच शिवी आहे?

होती, आणि चांगली सणसणीत होती. 'बाय अवर लेडी' म्हणजे मेरीमातेची शपथ, तिचा हा अपभ्रंश, असं सांगतात. त्याला पुरावा नाही. लंडनमध्ये एप्रिल १९१४ मध्ये शॉच्या 'पिग्मॅलियन'मध्ये फुलं विकणाऱ्या एलायझाने उच्चभ्रू बैठकीत हा शब्द उच्चारला आणि वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. (याच नाटकावरून पु. लं.नी 'ती फुलराणी' केलं.) ऑस्ट्रेलियात तो इतका घरचा झाला की २००६ मध्ये तिथल्या पर्यटन खात्याने तो जाहिरातीतच घातला: 'व्हेअर द ब्लडी हेल आर यू?' ब्रिटनमध्ये ती जाहिरात टीव्हीवर दाखवायला आधी मनाई झाली, मग उठली. आपल्याकडे जुन्या साहेबी इंग्रजीतून आणि हिंदी सिनेमातल्या खलनायकांकडून 'ब्लडी फूल' रुळलं. आता ते ऐकलं की समोरचा साठीच्या पुढचा असावा असं वाटतं.

'बास्टर्ड' म्हटल्यावर ऑस्ट्रेलियन हसतो आणि आपण भडकतो. का?

मूळ शब्द जुन्या फ्रेंचमधला. 'बास्त' म्हणजे खोगीर, त्यावरून वाटेत खोगिरावर झोपणाऱ्या मुशाफिराचं पोर, अशी एक प्रचलित व्युत्पत्ती आहे. इंग्लंड जिंकणारा विल्यम हा नॉर्मंडीच्या ड्यूकचा अनौरस मुलगा. १०६६ नंतर तो 'विजेता' झाला, पण 'बास्टर्ड' हे त्याचं दुसरं नाव इतिहासात राहिलंच.

ऑस्ट्रेलियात या शब्दाचा दंश गेला. 'पुअर बास्टर्ड' म्हणजे बिचारा, 'लकी बास्टर्ड' म्हणजे नशीबवान, आणि मित्राला हाक मारतानाही चालतो. १९३२-३३ च्या बॉडीलाइन मालिकेतला किस्सा क्रिकेटवाल्यांना पाठ आहे: आपल्याला कुणीतरी बास्टर्ड म्हणाल्याची तक्रार घेऊन इंग्लंडचा कर्णधार जार्डिन ऑस्ट्रेलियाच्या खोलीच्या दारात गेला. दार उघडणाऱ्याने आत वळून विचारलं, की तुम्हा बास्टर्डांपैकी कोण या बास्टर्डला बास्टर्ड म्हणालं? किस्सा थोडा रंगवलेला असेलही.

पंचाहत्तर वर्षांनी, जानेवारी २००८ मध्ये, सिडनी कसोटीत ब्रॅड हॉगने कुंबळे आणि धोनीला उद्देशून हाच शब्द वापरल्याची तक्रार भारतीय संघाने केली. तिथल्या मैदानावर रोजचा असलेला शब्द आपल्याला थेट आईच्या चारित्र्यावर गेलेला दिसला. तक्रार नंतर भारताने मागे घेतली. त्याच सामन्यात दुसऱ्या बाजूने हरभजनवर सायमंड्सला 'मंकी' म्हटल्याचा आरोप होता. सामनाधिकाऱ्याने तीन कसोटींची बंदी घातली. अपील अ‍ॅडलेडमध्ये न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यापुढे चाललं, सचिन तेंडुलकरने साक्ष दिली, आणि वंशद्वेषाचा आरोप टिकला नाही. हरभजनने 'तेरी माँ की' अशी हिंदी शिवी दिली असावी आणि ती इंग्रजी कानाला 'मंकी' ऐकू आली असावी, ही शक्यता मांडली गेली होती. शिवीगाळीबद्दल निम्मं सामना मानधन दंड म्हणून कापलं गेलं. आईवरची शिवी दिली म्हणून माणूस मोठ्या आरोपातून सुटला, असं आपल्याकडच्या कुठल्याही पंचायतीत घडलं नसतं.

'बिच' आणि 'सन ऑफ अ बिच' यांत जड कोणती?

'बिच' म्हणजे कुत्री, हजार वर्षांहून जुना शब्द. फ्रान्सिस ग्रोसच्या १७८५ च्या गावठी शब्दांच्या कोशात इंग्रज बाईला देता येईल अशी ही सर्वांत झोंबणारी शिवी, वेश्या म्हणण्यापेक्षाही वाईट, असं नोंदवलेलं आहे. आज मैत्रिणी एकमेकींना लाडाने म्हणतात, पण पुरुषाने सहकारी बाईला म्हटलं तर नोकरी जाऊ शकते. 'सन ऑफ अ बिच'चं शब्दशः रूप आपल्या शिव्यांच्या जवळचं आहे, तरी अमेरिकेत ती बऱ्याचदा वैतागाचा उद्गार असते, अगदी न उघडणाऱ्या डब्यालासुद्धा.

सगळ्यांत जड मानला जाणारा शब्द कोणता?

शरीरावरच्या शिव्यांपैकी 'कंट', निदान अमेरिकेत. स्त्रीच्या जननेंद्रियाचा हा शब्द मध्ययुगात इतका साधा होता की ऑक्सफर्ड, लंडन, यॉर्क अशा शहरांत वेश्यावस्तीच्या गल्ल्यांना 'ग्रोपकंट लेन' असं अधिकृत नाव होतं. तेराव्या शतकापासूनच्या नोंदी आहेत. नंतर लाज वाटू लागली आणि पाट्या बदलल्या. ऑक्सफर्डमधली ती गल्ली आज 'मॅगपाय लेन' आहे. स्कॉटलंड आणि ऑस्ट्रेलियात मित्रांच्या टोळक्यात तो शब्द सहज फिरतो. अमेरिकेत बाईला उद्देशून वापरला तर संबंध तिथेच संपतात. आपल्या माणसाने दोन्हीकडे टाळावा. मित्रत्वाची सूट जन्माने मिळते, व्हिसावर मिळत नाही.

आईवरून शिवी इंग्रजीत नाहीच का?

'मदरफकर' आहे की. ही अमेरिकन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेक्सासमधल्या एका न्यायालयीन निकालात तिचं रूप लेखी सापडतं. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीत ती शिवी, कौतुक आणि नुसतं 'अमुक एक इसम' अशा तिन्ही अर्थांनी चालते.

देशादेशांत अर्थ कुठे फसवतात?

ब्रिटनमध्ये 'पिस्ड' म्हणजे प्यायलेला, अमेरिकेत चिडलेला. 'फॅनी' अमेरिकेत बूड, ब्रिटनमध्ये स्त्रीचं जननेंद्रिय. त्यामुळे कमरेला बांधायच्या पाकिटाचं अमेरिकन नाव लंडनच्या दुकानात मोठ्याने उच्चारू नका. 'आर्स'मधला 'र' अमेरिकेत गळून 'अ‍ॅस' झाला, जसं 'कर्स'चं 'कस' आणि 'बर्स्ट'चं 'बस्ट'. 'वँकर' आणि 'टॉसर' (हस्तमैथुन करणारा) ब्रिटिश. अमेरिकनाला ते विनोदी वाटतात, ब्रिटिशाला वाटतीलच असं नाही. 'बगर' हा शब्द बल्गेरियावरून आला: तिथल्या पाखंडी पंथावर अनैसर्गिक संभोगाचा आरोप चर्चने केला आणि देशाचं नाव शिवी झालं. १५३३ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात त्या नावाचा कायदा होऊन फाशीची शिक्षा ठरली. आज न्यूझीलंडमध्ये हातातून चहा सांडला की म्हणतात 'बगर'.

'अ‍ॅब्सो-फकिंग-ल्यूटली' असं शब्द फोडून शिवी घालायला काही नियम आहे?

आहे, आणि तो कुणी शिकवत नाही तरी सगळे पाळतात. शब्दात जिथे मुख्य आघात पडतो, त्या अक्षराच्या नेमकी आधी शिवी बसते. 'फॅन-फकिंग-टॅस्टिक' बरोबर, 'फॅन्टॅस-फकिंग-टिक' इंग्रज माणसाच्या तोंडून येणारच नाही. भाषाशास्त्रज्ञांनी यावर गंभीर शोधनिबंध लिहिले आहेत. ब्रिटिश त्याच जागी 'ब्लडी' बसवतात.

वंशावरच्या शिव्या इथे का लिहिल्या नाहीत?

कारण त्यांचा उल्लेखसुद्धा इजा करतो असं ज्यांना त्या दिल्या गेल्या त्यांचं म्हणणं आहे, आणि ते ऐकायला हवं. 'एन'ने सुरू होणारा शब्द लॅटिनमधल्या 'काळा' या साध्या विशेषणातून निघाला, पण गुलामगिरीच्या दोन-अडीचशे वर्षांनी त्याला जे चिकटलं ते धुऊन निघणारं नाही. रॅप गाण्यात ऐकला म्हणून आपण म्हणायचा नसतो. ब्रिटनमध्ये आणखी एक आहे: पाकिस्तानचं लघुरूप करून शेवटी 'ई' लावलेला. मथळ्यांत 'पाक' वाचायची सवय असलेल्या आपल्या लोकांना तो निरुपद्रवी वाटतो. पण हा शब्द ओरडत टोळकी दक्षिण आशियाई माणसांना मारहाण करत, आणि मार खाणारा भारतीय आहे का बांगलादेशी, हे विचारत नसत. जातीवाचक शिवी आपल्याकडे अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा का आहे, हे ज्याला कळतं त्याला हेही कळेल.

शिवी दिल्याने खरंच बरं वाटतं?

वेदना सोसायला मदत होते. कील विद्यापीठातल्या रिचर्ड स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये विद्यार्थ्यांना बर्फगार पाण्यात हात धरायला लावला. आवडती शिवी घोकणाऱ्यांनी, साधा शब्द घोकतानापेक्षा, जास्त वेळ हात ठेवला. पुढच्या प्रयोगात दिसलं, की रोज ऊठसूट शिव्या देणाऱ्यांना हा फायदा कमी मिळतो. आणि पायाच्या करंगळीला टेबल लागलं की बहुतेक मराठी माणसांच्या तोंडून मराठीच येतं. बहुभाषिकांवरची संशोधनंही हेच सांगतात: पहिल्या भाषेतली शिवी सर्वांत जोरात लागते.

भारतात इंग्रजी शिवी दिली तर गुन्हा होतो का?

भाषा कुठली याने फरक पडत नाही. सार्वजनिक ठिकाणी अश्लील शब्द उच्चारून इतरांना त्रास दिला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ लागू शकतं (जुनं २९४): तीन महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मात्र मार्च २०२४ मध्ये एका वेबमालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की शिवराळ भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे.

अमेरिकेत याहून मोकळीक आहे. सक्तीच्या सैन्यभरतीविरोधात 'फक द ड्राफ्ट' लिहिलेलं जाकीट घालून न्यायालयाच्या आवारात फिरलेल्या तरुणाची शिक्षा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये रद्द केली. रेडिओवर मात्र १९७८ च्या निकालाने बंधन राहिलं. कारण लहान मुलं कधीही ऐकू शकतात.

परदेशी ऑफिसात सगळेच शिव्या देतात. मीही देऊ का?

'दिस कोड इज शिट' आणि 'यू आर अ शिट' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कामाला, यंत्राला, नशिबाला घातलेली शिवी बऱ्याच ठिकाणी खपते. माणसाला घातलेली खपत नाही. पहिले काही महिने नुसतं ऐका: साहेब कुणासमोर बोलतो, कुणासमोर थांबतो. मेलमध्ये आणि चॅटवर मात्र कधीच नको, तो कागद राहतो.

आणि लघुरूपं? 'डब्ल्यूटीएफ', 'बीएस', 'एलएमएओ'?

अनुक्रमे 'फक', 'बुलशिट' आणि 'अ‍ॅस' आत बसलेले आहेत. कुटुंबाच्या ग्रुपवर काकांनी नातवाच्या बारशाच्या फोटोखाली 'डब्ल्यूटीएफ' लिहिलं असेल, तर त्यांना तो 'वॉव, टू फॅन्टास्टिक' वाटला असण्याची शक्यता आहे. एकट्यात गाठून सांगा.